उभ्या गाडीचा खर्च कोण उचलतो?
नांदेड–लातूर पट्ट्यातील टोइंगचा धंदा आणि नियमित काम

नांदेड ते लातूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर ही वाटेतली तालुक्याची गावे. हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ मध्ये मोडतो. एका टोकाला तो औसा, तुळजापूरला जातो, तर दुसऱ्या टोकाला अर्धापूर, वारंगा फाटा करत यवतमाळ, वर्धा आणि बुटीबोरीला. नरसी–देगलूर करत हैदराबादच्या दिशेने जाणारा १६१ आणि भोकरवरून निर्मलकडे उतरणारा ६१ हेही धरले, तर टोइंगची गाडी घेऊन बसायला नांदेडइतके मोक्याचे ठिकाण मराठवाड्यात क्वचितच सापडेल. तरीही हप्त्यावर घेतलेली फ्लॅटबेड (बंद गाडी पाठीवर चढवून नेणारी टोइंगची गाडी) दोन-तीन वर्षांत विकायला काढणारे या पट्ट्यात भेटतात. रहदारी आहे, गाड्या बंद पडतात, ढाब्याच्या भिंतीवर मोबाइल नंबरही रंगवलेला आहे. मग हप्ता का थकतो?

उत्तर आधीच सांगून टाकतो. हे लोक बंद पडणाऱ्या गाड्या शोधतात. गाडी उभी राहिली की ज्याचे रोजचे नुकसान होते, त्याला ते शोधत नाहीत. बंद पडलेल्या गाडीचा मालक एकदाच भेटतो, घासाघीस करतो आणि निघून जातो. रोज नुकसान सोसणारा मात्र ते टाळण्यासाठी महिन्याला पैसे मोजायला तयार होऊ शकतो. पुढचे सगळे विवेचन या फरकावर उभे आहे.

‘नियमित काम’ हा शब्द या धंद्यात फार सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याच्या तीन अटी ठरवून घेऊ. पैसे कोण देणार हे आधी ठरलेले असले पाहिजे. कॉल आला नाही तरी काही किमान रक्कम मिळाली पाहिजे. आणि मुदत निदान एका हंगामाची असली पाहिजे. या तिन्ही अटी ज्यात बसतात ते कंत्राट. बाकी सगळी गिऱ्हाइकी, मग ती शंभराच्या नाही तर पाचशेच्या स्टँप पेपरवर का लिहिलेली असेना.

आता तयार राहण्याचा खर्च. आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. जुनी फ्लॅटबेड घेतली, बँकेचा हप्ता ३०,००० रुपये. चोवीस तास सेवा म्हटली की एका ड्रायव्हरवर भागत नाही. दोघांचे पगार ३२,०००, हेल्परचे १०,०००. विमा, पासिंग, टायर यांसाठी महिन्याला बाजूला काढायचे ९,०००. जागा, फोन, किरकोळ ४,०००. झाले ८५,००० रुपये, आणि अजून डिझेलचा एक थेंब जळलेला नाही. कॉलमागे सरासरी २,२०० रुपये मिळतात असे धरू. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, लिटरला ७ किलोमीटर, डिझेल ९२ रुपये, म्हणजे साधारण १,०५० रुपये डिझेलचे गेले. हातात राहिले १,१५०. या हिशेबाने नुसता खर्च भागायला महिन्याला ७४ कॉल लागतात, रोज अडीच. पुण्याच्या बाह्यवळणावर ते जमेल. अहमदपूरच्या फाट्यावर गाडी लावून रोज अडीच कॉलची वाट पाहणाऱ्याचे पहिले वर्ष घरच्या पैशावर आणि दुसरे पतसंस्थेवर निघते.

शहरात अंतर कमी आणि कॉल दाट. इथे उलट. या पट्ट्यात खरा शत्रू म्हणजे रिकामी फेरी. देगलूरजवळ कार बंद पडली आणि गाडी नांदेडहून निघाली, तर सुमारे ८० किलोमीटर एकेरी रिकामेच जावे लागते. म्हणून इथे दर ठरवताना मोजणी गाडी ओढल्यापासून नव्हे, जागेवरून चाक हलल्यापासून व्हायला हवी. दुर्दैवाने बहुतेक करार उलट लिहिलेले असतात.

असे करार बहुधा विमा किंवा वाहन कंपन्यांसाठी रस्त्यावरची मदत चालवणाऱ्या संस्थांचे असतात. टीव्हीएस ऑटो असिस्ट, अलायन्झ पार्टनर्स, युरोप असिस्टन्स, ग्लोबल अशुअर, रेडीअसिस्ट ही त्यांतली ओळखीची नावे. नवी कार घेताना किंवा विमा नूतनीकरण करताना मालक जे ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतो, ते यांच्यामार्फत पुरवले जाते. कॉल त्यांच्या कॉल सेंटरला जातो, तिथून जवळच्या नोंदणीकृत टोइंगवाल्याला. धंद्यात नवा येणारा माणूस या नोंदणीलाच कंत्राट समजतो. आपल्या तीन अटी लावून पाहा: पैसे देणारा ठरलेला आहे, पण किमान रक्कम नाही, आणि कॉल देण्याचे बंधनही नाही. त्याच पिनकोडवर आणखी चार जणांची नोंद असू शकते. शिवाय पॉलिसीत फुकट ओढण्याची किलोमीटरची मर्यादा असते. त्यापुढचे पैसे रस्त्यावर उभ्या असलेल्या, आधीच वैतागलेल्या माणसाकडून घ्यायचे ते आपणच.

तरी नोंदणी करावी. दोन-तीन संस्थांकडे करावी. हे कॉल म्हणजे वरकड उत्पन्न आहे, आणि त्यातून वेळेवर पोहोचल्याची नोंद तयार होते, जी पुढे दुसरीकडे दाखवता येते. फक्त त्यांच्या भरवशावर हप्ता ठरवू नये.

अपघाती गाड्यांचे गणित आणखी अवघड. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याच्या खर्चाला मर्यादा आहे. खासगी कारला १,५०० रुपये, दुचाकीला ३००, आणि ट्रकसारख्या व्यापारी वाहनाला २,५००. हे आकडे २००२ च्या मोटार टॅरिफमधले. जादा प्रीमियम भरून वाढीव टोइंग घेता येते, पण फार थोडे मालक ते घेतात. उलटलेला दहाचाकी ट्रक सरळ करायला हायड्रा (फिरती क्रेन) तासाच्या भाड्याने बोलवावा लागतो, आणि त्या भाड्यापुढे २,५०० रुपये काहीच नाहीत. वरचा फरक मालकाच्या खिशातून येतो, आणि अपघातानंतर मालक पुण्यात नाही तर इंदूरला असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ पोलिसांना वाहतुकीला अडथळा करणारी किंवा टाकून दिलेली गाडी हलवण्याचा अधिकार देते आणि तो खर्च नोंदणीकृत मालकावर टाकते. कायदा बरोबर आहे, वसुली मात्र टोइंगवाल्याच्या माथी येते. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्यांपैकी कितींच्या ओढण्याचे पैसे मिळाले, हे त्या ओढणाऱ्यांनाच विचारावे. ठाण्याशी संबंध चांगले ठेवणे ही या धंद्याची गरज आहे, पण त्याला उत्पन्नाचे साधन मानू नये. आणि पंचनाम्याआधी, पोलिसांनी सांगितल्याशिवाय, अपघातातली गाडी जागची हलवू नये. वाहतूक मोकळी करायची घाई कितीही असली तरी.

महामार्ग ही तिसरी आशा. राष्ट्रीय महामार्गाची १०३३ ही हेल्पलाइन सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागे रस्त्याची देखभाल करणाऱ्या कंपनीची गस्ती गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन असते. ३६१ चे तुळजापूर–औसा, महागाव–यवतमाळ यांसारखे टप्पे हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीने झाले. २०१६ पासून वापरात आलेल्या या पद्धतीत प्रकल्प खर्चाचा ४० टक्के भाग बांधकाम चालू असताना मिळतो, आणि उरलेला पुढची १५ वर्षे सहामाही हप्त्यांनी. तेवढी वर्षे देखभाल त्याच कंपनीच्या गळ्यात असते. टोइंगवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच: १५ वर्षे कुणाला तरी या रस्त्यावर क्रेन तयार ठेवावीच लागणार आहे, आणि तिच्या तयारीचे पैसे कॉल येवो न येवो मिळतात. आपल्या तिन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

अडचण दाराशी आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची थेट निविदा भरायची तर उलाढाल आणि अनुभवाच्या अटी आडव्या येतात, आणि एका गाडीचा मालक त्यात बसत नाही. मार्ग उपकंत्राटाचा. बांधणारी कंपनी आणि आज देखभाल पाहणारी कंपनी एकच असेल असे नाही, कारण असे प्रकल्प पुढे गुंतवणूक संस्थांना विकले जातात आणि प्रत्यक्ष देखभाल तिसराच कंत्राटदार पाहतो. म्हणून टोलनाक्यावरच्या व्यवस्थापकाला आधी एवढेच विचारावे, की या टप्प्याची देखभाल सध्या कुणाकडे आहे आणि त्यांची क्रेन दुरुस्तीला गेली तर कुणाला बोलावतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘बघू, मिळेल ती’ असे येते. आपली जागा तिथे आहे. मुख्य क्रेन मागू नये. राखीव क्रेन म्हणून दरमहा लहान ठरलेली रक्कम आणि वापरल्यास वेगळा दर मागावा. नांदेडला प्राधिकरणाचे प्रकल्प अंमलबजावणी कार्यालय आहे. तिथे जाऊन बसल्याने कंत्राट मिळत नाही, पण कुठला टप्पा कुणाकडे आहे एवढे कळते.

आता ज्याच्याकडे या भागातले टोइंगवाले सहसा वळत नाहीत, त्या ग्राहकाकडे येऊ: साखर कारखाना. या विवेचनात मी सर्वांत जास्त भर याच्यावर देतो.

लातूर जिल्ह्यात मांजरा, विकास, रेणा, जागृती. अहमदपूर तालुक्यात उजन्याला सिद्धी शुगर. नांदेड जिल्ह्यात भाऊराव चव्हाण. गाळप सुरू झाले की या कारखान्यांकडे जाणारे रस्ते रात्रंदिवस उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरचा मागच्या ट्रॉलीचा एक्सल तुटला की काय होते ते जवळून पाहा. ट्रॉली कलते, ऊस अर्धा रस्त्यावर येतो. ड्रायव्हर चाकामागे दगड लावतो, मुकादमाला फोन करतो आणि रिफ्लेक्टर नसेल तर मोबाइलचा दिवा दाखवत उभा राहतो. फ्लॅटबेड इथे काही कामाची नाही. लागतो हायड्रा, एक रिकामी ट्रॉली, ऊस भरायला चार-सहा माणसे आणि वीस टनी जॅक. हे सगळे जमवायला पहाट होते. तोवर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवाला धोका, त्या खेपेचे वजन घटलेले आणि काट्यावरचा नंबर गेलेला. मांजरा परिवारातील कारखान्यांत हार्वेस्टरचा वापर वाढला आहे. हार्वेस्टर शेतात बंद पडला तर त्याच्यामागे उभे राहणारे सगळेच ट्रॅक्टर खोळंबतात. म्हणजे नुकसान रोजचे आहे आणि मोजता येण्याजोगे आहे.

पैसे कसे यावेत याची वाटही कारखान्यात आधीच पडलेली आहे. वाहतूकदार कारखान्याच्या पंपावर डिझेल उधारीवर भरतो आणि ते पैसे त्याच्या वाहतूक बिलातून कापले जातात. ब्रेकडाऊन सेवाही त्याच वाटेने नेता येते. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना घ्या. ट्रॉलीजोडीत १६-१७ टन ऊस धरला तर रोज साधारण ३०० खेपा होतात. खेपेमागे १० रुपये कापले तर दिवसाला ३,००० रुपये, महिन्याला ९०,०००. वर मांडलेला ८५,००० चा तयारीचा खर्च एवढ्यातच निघतो. डिझेल, हायड्राचे तास आणि सुटे भाग वेगळे आकारायचे. वाहतूकदाराला खेपेमागे १० रुपये चहाच्या कपाइतके वाटतात. कारखान्याच्या तिजोरीतून काही जात नाही, आणि गव्हाणीला ऊस अखंड मिळतो. तिघांच्याही सोयीचा असा व्यवहार क्वचित जमून येतो.

यातली जोखीम सांगायला हवी. ऊस पावसावर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे उसाची काय कथा. त्या काळात मराठवाड्यातल्या अनेक कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत किंवा लवकर विझली. म्हणून करारात किमान दिवसांची हमी मागावी. हंगाम ९० दिवसांच्या आत आटोपला तरी ९० दिवसांचे पैसे. कारखाना ६० वर येईल, घासाघिशीला तेवढी जागा ठेवावी.

आणि ऊस संपल्यावर? नोव्हेंबर ते मार्च कारखाना. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या रस्त्यावर टायर फुटणे आणि इंजिन गरम होणे, म्हणजे सुटे कॉल. जूनपासून शाळेच्या बस. लातूरच्या शाळा आणि शिकवण्यांमुळे इथे स्कूल बस आणि व्हॅनची संख्या मोठी आहे. शाळेला गाडी ओढण्यापेक्षा वीस मिनिटांत पर्यायी गाडी येणे महत्त्वाचे असते. म्हणून शाळेशी करार करताना जवळच्या टूर-ट्रॅव्हल्सवाल्याला सोबत घ्यावे. आठ-दहा शाळा मिळून दरमहा ठरलेली रक्कम देतील, एकटी शाळा देणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते. तिथले ट्रान्सपोर्टवाले हंगामापुरता करार करू शकतात. नवरात्रात तुळजापूर आणि माहूर, दसरा-दिवाळीत नांदेडचे सचखंड गुरुद्वारा, मार्गशीर्षात माळेगावची यात्रा. या दिवसांत बाहेरच्या गाड्या येतात आणि बाहेरचा माणूस रोख देतो. वर्ष असे तुकड्यातुकड्याने भरते. एकच मोठे कंत्राट मिळून वर्ष निघेल ही अपेक्षा या जिल्ह्यांत फोल आहे.

खासगी ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बस हे मोठे आकर्षण, पण त्यात एक गोम आहे. लातूरहून पुण्याला रात्री निघालेली बस बंद पडते ती येडशी, बार्शी, टेंभुर्णीच्या पुढे. लातूरच्या टोइंगवाल्याचा करार तिथे पोहोचत नाही. म्हणून बार्शी, टेंभुर्णी, इंदापूरच्या टोइंगवाल्यांशी अदलाबदलीचा समझोता करावा: तुमच्या हद्दीत माझी बस तुम्ही ओढा, माझ्या हद्दीत तुमची मी. साखळी उभी राहिली की ट्रॅव्हल्स मालकाला पूर्ण मार्गाचा करार देता येतो, आणि मालक अर्ध्या मार्गाचा करार घेत नाही. एस.टी. महामंडळाची मात्र वाट पाहू नये. त्यांची विभागीय कार्यशाळा आणि ब्रेकडाऊनची व्यवस्था स्वतःची आहे. भाडेतत्त्वावरच्या बसची दुरुस्ती बसमालकाकडे असते, विचारायचेच तर त्याला विचारावे. इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्या आहेत, आणि त्यांची चालती चाके जमिनीवर ठेवून टोचन लावून ओढली तर मोटर खराब होऊ शकते. त्यासाठी फ्लॅटबेडच हवी, हे नव्या ग्राहकाला दाखवण्याजोगे कारण आहे.

कागदपत्रांवर थोडक्यात. पासिंग, विमा, ड्रायव्हरचा योग्य परवाना यात कुचराई असेल तर कोणतीही कंपनी दारात उभे करणार नाही. सरकारी निविदांसाठी ‘महाटेंडर’ आणि ‘जेम’ या संकेतस्थळांवर नोंद हवी. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी फुकट आहे आणि अनेक निविदांत बयाणा रकमेची सूट त्यामुळे मिळते.

उद्यमचा खरा उपयोग पैशाच्या वसुलीत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, ही २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याची अट. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यात १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३ब(ह) या तरतुदीची भर पडली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहक कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येतो. कंपनीचे हिशेबनीस व्याजाच्या कलमापेक्षा याला जास्त वचकतात. व्यवहारात मात्र लातूरचा टोइंगवाला कारखान्याविरुद्ध थकीत पैशांसाठी सुलभीकरण परिषदेत जात नाही, कारण पुढच्या हंगामाला त्याच दारात उभे राहायचे असते. म्हणून कायदा भांडणासाठी नव्हे, करार लिहिताना वापरावा: बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि देय दिवस आकड्यांत लिहावेत. ४५ दिवस पैसे अडकणार हे गृहीत धरून दीड महिन्याचे डिझेल आणि पगार हाताशी असले पाहिजेत. एवढी पुंजी नसेल तर दुसरी गाडी घेऊ नये.

करारात आणखी एक ओळ माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेकदा राहून जाते: पोहोचण्याची वेळ कुठून मोजायची. ‘४५ मिनिटांत’ असे लिहून देणाऱ्याची वेळ फोन आल्यापासून मोजली की तो दर दुसऱ्या कॉलला दंड भरतो. ठिकाणाची खात्री झाल्यापासून मोजावे, अंतराप्रमाणे वेळ बदलावी, आणि यात्रेच्या नाही तर रास्ता रोकोच्या दिवसांना सूट लिहून घ्यावी.

ज्यांना येत्या हंगामात हे करून पाहायचे आहे त्यांनी वेळापत्रक ध्यानात ठेवावे. कारखान्यांचे तोडणी-वाहतुकीचे करार गाळपाच्या आधीच्या महिन्यांत होतात आणि ते शेतकी विभाग पाहतो. म्हणून उन्हाळा संपता संपता कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे जावे. सोबत मागच्या वर्षीच्या कॉलची वही आणि खेपेमागे १० रुपयांचा हिशेब एका कागदावर लिहून न्यावा. मोळी टाकून हंगाम सुरू झाल्यावर जो जातो, त्याला उभ्या ट्रॉलीमागे एका कॉलचेच पैसे मिळतात.